न वाजवलेला ठोका

आमच्या गेमवर लोकांनी पुष्कळ लिहिलं. कुणी पाच तारे दिले, कुणी एकावर भागवलं, एका बापानं तर पोराचा अभ्यास बुडाला म्हणून आम्हाला जाहीर शाप दिले. पण त्या गेमचं खरं परीक्षण एकाच माणसानं केलं आणि ते कुठंही छापून आलं नाही. फुलस्केपची दोन पानं, निळ्या आणि लाल शाईत लिहिलेली, माझ्या कपाटात आहेत. लिहिणाऱ्याचं नाव किसन अंभोरे, राहणार पडेगाव. वाळूजच्या एका कारखान्यात, पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या प्रेस शॉपमध्ये, सव्वीस वर्षं तपासनीस. मोबाइलवरचा गेम या माणसानं पहिल्यांदा खेळला तो वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी.

गेम म्हणजे पोराटोरांचा उद्योग, त्यावर कसलं परीक्षण, असं ज्यांना वाटतं त्यांनी इथंच वाचन थांबवावं. माझी हरकत नाही. अंभोरेकाकांनी तर अशा माणसाला चहासुद्धा विचारला नसता.

आधी गेमचं सांगते, म्हणजे काका कळतील. सिडकोतल्या एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. माणसं अकरा, संगणक नऊ. आमचा पहिला गेम 'सुसाट जोडी' म्हणजे शंकरपट, बैलजोड्यांची शर्यत. खेळणाऱ्यानं जोडी हाकायची, वळण सांभाळायचं, पाटलाच्या जोडीला मागं टाकायचं. तो गेम चालला, चांगलाच चालला. त्यात शर्यतीच्या कडेला एक हलगीवाला उभा केलेला होता. त्याच्यावर बोट ठेवलं की तो दोन ठोके वाजवायचा आणि धपकन पडायचा. शर्यतीशी त्याचा काही संबंध नव्हता, पण लोक शर्यत सोडून त्यालाच पाडत बसायचे. त्याचं नाव ढुम्या. अनवाणी, दात पुढं, धोतर सुटत आलेलं. तो मी रचला होता. हे सांगून टाकते, कारण पुढं सांगायला मला जड जाईल.

मग केळीला पिल्लू फुटावं तसा त्या गेमला दुसरा गेम फुटला, 'सुसाट ठेका'. यात बैल हाकायचे नाहीत, हलगी वाजवायची. वरून गोल घरंगळत येतात, डाव्या अंगठ्यानं बारीक काडीचा ठोका, उजव्यानं जाड टिपरूचा. ठोका बरोबर पडला की बैल धावतात. चुकला की पडद्यावर 'चुकलं!' येतं, ढुम्या आपटतो आणि गर्दी हसते. पातळ्या चाळीस. त्या रचायचं काम माझं.

याच सुमारास अंभोरेकाका आले, तेही कामासाठी नव्हे. त्यांची मुलगी चित्रकारीच्या जागेसाठी मुलाखत द्यायला आली होती, तिला मोटरसायकलवरून सोडून ते बाहेरच्या बाकावर बसले. बाकावर आमचा चाचणीचा एक फोन पडलेला असायचा. अर्ध्या तासानं मी पाणी प्यायला बाहेर आले तर करड्या शर्टातला एक गृहस्थ फोन दोन्ही हातांत धरून, त्याला कान लावून, मधूनच डोळे मिटत अंगठे चालवत होता. मला बघून उठला, जय भीम केला आणि म्हणाला, "मॅडम, डाव्या बाजूचा गोल आधी येतोय आन् त्याचा आवाज मागून येतोय. लोकं आधी हसलेत आन् विनोद मंग झालाय."

मी हसून आत गेले. आमच्या प्रोग्रामरनं उगाच तपासलं तर खरोखर डाव्या बाजूचा आवाज मागं पडत होता. इतका थोडा की आम्ही दोन महिने तो ऐकत होतो आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कंपनीचे मालक निखिल सर, वय एकतीस, बाहेर आले आणि काकांना विचारलं की तुम्ही संगीतातले का. काका म्हणाले, नाही, पत्र्यातले. प्रेस शॉपमध्ये बारा मशीन एकदम चालतात, त्यातलं एक अर्ध्या केसानं मागं पडलं की कारागिराचं बोट गेलंच म्हणून समजा, त्यामुळं कानाला सवय आहे. त्यांनी वर्षभरापूर्वीच कारखाना सोडला होता आणि घरी बसून बायकोच्या फोडणीचा ठेका तपासत होते. मुलगी पुढं पुण्याला गेली. काका आमच्याकडे तपासनीस म्हणून राहिले.

सकाळी नऊला ते यायचे. आम्ही दहाला. साडेअकराला डबा उघडायचे, कारण पहिल्या पाळीची भूक तेव्हाच लागते आणि भुकेला राजीनामा देता येत नाही. आल्यावर प्रत्येकाला जय भीम. सुरुवातीला पोरं गुड मॉर्निंग म्हणून उत्तर द्यायची, कुणी नुसतीच मान हलवायचं. काकांनी कधी आवाज वाढवला नाही आणि कधी कमीही केला नाही. सहा महिन्यांनी अर्धं ऑफिस जय भीम म्हणत होतं. उरलेलं अर्धं निदान तोंडाकडे बघून बोलायला शिकलं.

खिशात स्टीलची सहा इंची पट्टी असायची. पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती फोनच्या काचेवर ठेवून गोल मोजला आणि माझ्यापुढं आपला अंगठा धरला. गोल नऊ मिलिमीटरचा, अंगठा एकवीसचा. ते म्हणाले की तुम्ही हा गेम कुणाच्या अंगठ्यासाठी केलाय ते आधी ठरवा, कारण वाळूजच्या बसमध्ये जे अंगठे बसतात ते सगळे माझ्यासारखे आहेत. मी गोल मोठे केले. वाईट वाटलं, पण केले.

'चालतंय' हा शब्द त्यांच्यापुढं उच्चारायची सोय नव्हती. कुणी म्हणालं की काका, एवढं चालतंय, की ते शांतपणे म्हणायचे, "चालतंय ते बैल. गेम बरोबर पायजे." त्यांच्या अहवालाला दोन रकाने असत, निळ्या शाईत मंजूर आणि लाल शाईत नामंजूर. निळा आधी भरायचा असा दंडक. चांगलं काय ते दिसलं नाही तर वाईट सांगायचा हक्क नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळं ते अर्धा दिवस चांगलं शोधण्यात घालवत आणि आम्ही तेवढा वेळ श्वास रोखून बसत असू.

आता कुणी म्हणेल, हा देवमाणूस दिसतो. अजिबात नाही. हट्टी होते, खवचट होते, आणि कौतुक करताना त्यांचा घसा बसायचा. एकदा त्यांनी उजव्या बाजूचे ठोके गिळले जातात म्हणून दोन दिवस सगळं ऑफिस वेठीला धरलं. प्रोग्रामर रडकुंडीला आला. शेवटी सापडलं काय, तर काकांच्याच फोनच्या काचेला केसाएवढा तडा गेला होता. आम्ही सगळे वाट बघत होतो की आता काका चूक कबूल कशी करतात.  दुसऱ्या दिवशी टेबलावर अहवाल, नामंजूरच्या रकान्यात लाल शाईत: दोष, तपासनीस. कारण, काचेचा तडा दिसला नाही. उपाय, तपासनिसाचा चहा तीन दिवस बंद. आणि तीन दिवस त्यांनी खरोखर चहा घेतला नाही. प्रोग्रामरनं चौथ्या दिवशी स्वतः कप नेऊन दिला.

आणि त्यांची चाचणी. आम्ही एसीत बसून महागड्या फोनवर खेळायचो. काकांनी बाजारातून वापरलेले चार स्वस्त फोन आणवले आणि ते घेऊन गंगापूरच्या जीपमध्ये बसायला लागले. त्यांची बहीण तिकडं दिली होती, पंधरा दिवसांनी एक चक्कर असायचीच. जीपमध्ये माणूस माणसाच्या मांडीवर, रस्ता तसाच, ड्रायव्हरची गाणी चालू. अशात खेळता आला तर तो गेम, नाहीतर तुमचं लाडाचं खेळणं, असा त्यांचा हिशोब. शेजारी बसलेल्याच्या हातात ते बेलाशक फोन द्यायचे.

एकदा एका म्हातारीच्या हातात दिला. मांडीवर मेथीची पिशवी, तिनं ती काकांच्या मांडीवर ठेवली आणि खेळायला लागली. गोलांकडं तिचं लक्षच नव्हतं, बैलांकडं होतं. शेवटच्या टप्प्यात आमचा ठेका वाढायचा, सगळ्या अशा गेमांमध्ये वाढतोच. म्हातारी थांबली आणि काकांवर खेकसली की बैल दमलाय, तोंडाला फेस आलाय, आणि हा वाजवणारा आणखीच जोरात वाजवतोय, याला काही दयामाया आहे का. काकांनी तो दोष जसाच्या तसा लिहून आणला. आधी मी उडवून लावला. मग आठवडाभर तो डोक्यातून जाईना. शेवटी पातळ्या बदलल्या: बैल दमला की ठेका आपोआप सैल पडतो आणि खेळणाऱ्यानं त्याला सांभाळून, हळूहळू परत चढवायचा. आज आमच्या गेमची तारीफ करणारे सगळे हीच गोष्ट सांगतात, ठेक्याला जीव आहे म्हणतात. काकांनी अहवालात लिहिलं होतं: सुचवणारी, गंगापूरच्या जीपमधली आजी, नाव विचारायचं राहिलं, माझी चूक.

नाव विचारणं ही त्यांची खोडच होती. गेमसाठी हलगी वाजवायला आम्ही दशरथ नावाच्या वादकाला बोलावलं होतं. चाळिशीचा, मातंग समाजातला, जयंतीच्या मिरवणुकांत त्याचा हात ऐकायला लोक थांबतात. त्यानं दोन दिवस वाजवलं आणि आमच्या त्या खोलीच्या भिंती जाग्या झाल्या. गेममध्ये जे काही खणखणीत आहे ते त्याचं आहे. तो गेल्यावर काकांनी श्रेयनामावली बघितली आणि लाल पेन उघडलं. चहा आणणाऱ्या कंपनीचं नाव होतं, वाजवणाऱ्याचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते आलं.

दशरथनं एक हलगी ऑफिसात ठेवून दिली होती. येणारा-जाणारा तिच्यावर हात मारायचा. काका कधीच नाही. हे सगळ्यांनी टिपलं होतं, कारण काकांची बोटं टेबल, डबा, जिन्याचा कठडा, काहीही सोडत नव्हती. चाळीसपैकी तीस पातळ्या त्यांनी एकही चूक न करता पार केल्या होत्या, जे आमच्यातल्या विशीतल्या पोरांनाही जमलं नव्हतं. पण हलगीजवळून जाताना ते हात मागं बांधायचे.

आणि एकतिसावी पातळी. त्यांच्या अहवालात तीसपर्यंत सगळं भरलेलं आणि एकतीसपासून पुढं कोरं. मी दोनदा आठवण केली. तिसऱ्यांदा त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि म्हटलं, माझ्यासमोर खेळा.

ती पातळी माझी लाडकी होती. नाव 'पाटलाची वरात'. पाटील शर्यत जिंकतो, त्याची मिरवणूक निघते, तो मागं वळून म्हणतो, 'वाजव रे!' आणि मग तीन मिनिटं ढुम्यानं न थांबता वाजवायचं. एक क्षण उसंत नाही. अवघड म्हणून मी फुशारले होते. पाटील वळला, 'वाजव रे' म्हणाला, आणि काकांनी दोन्ही अंगठे काचेवरून उचलले. गोल येत राहिले, चुकलं, चुकलं, चुकलं. ढुम्या आपटत राहिला, गर्दी हसत राहिली. काका बघत होते. पातळी हरली.

मी विचारलं की काय झालं. ते उलट मलाच म्हणाले, "ह्याचं नाव काय म्हणलात?"

"ढुम्या."

"ते आवाजाचं नाव झालं. माणसाचं सांगा."

 मी ते ठेवलंच नव्हतं.

मग त्यांनी त्यांच्या आज्याची गोष्ट सांगितली. पाणी किती दिवसाआड येतं हे सांगावं अशा सुरात. त्यांचं मूळ गाव गंगापूर तालुक्यातलं. गावातलं लग्न असो की मढं, पुढं वाजवायचं काम यांच्या घराकडं होतं. ते काम कुणी मागून घेतलेलं नव्हतं आणि नाही म्हणायची मुभा नव्हती. आजा साठीचा, हात असा की तालुक्यातून बोलावणं यायचं. धर्म बदलला त्याच साली गावात एक वरात निघाली. नवरदेवाकडचा कुणी पाहुणा, तिशीचा असेल, घोड्यावरून मागं बघून आज्याला म्हणाला, वाजव रे. तसं म्हणण्यात नवीन काही नव्हतं. आयुष्यभर तेच ऐकलेलं. पण त्या दिवशी आज्यानं हात वर केले.

"मोडली नाय, फेकली नाय," काका म्हणाले. "गळ्यात तशीच ठिवली. नुसते हात वर केले आन् उभा राह्यला. वाजवायचं तर एका माणसाला जमत हुतं, त्यामुळं वरात बी उभी राह्यली. घोडं उभं, नवरदेव उभा, सारं गाव उभं. माझा बाप सांगायचा, येवढी शांतता त्यानं पुन्हा कधी ऐकली नाय."

पुढं जे व्हायचं ते झालं. विहीर बंद, दुकान बंद, आठ दिवसांत गाव सुटलं आणि घर पडेगावला आलं. मुलानं खडी फोडली, नातू वाळूजला तपासनीस झाला. त्या घरात पुन्हा कुणी हलगीला हात लावला नाही. दशरथशी काकांचं यावर बोलणं झालेलं होतं. दशरथ त्यांना म्हणाला होता की तुम्ही सोडून मान मिळवला, मी वाजवून मिळवतो, दोघंही बरोबर. काकांना ते पटलं होतं. त्यांचा राग हलगीवर नव्हताच. तो त्या 'रे'वर होता, पडण्यावर होता, आणि थांबता न येण्यावर होता.

मी पाटलांच्या घरातली नाही, पण आमच्या गावात आमचं घर वाड्याच्या बाजूनं उभं राहायचं. जत्रेत हलगीवाला दारू पिऊन पडला की आम्ही पोरं खिदळायचो. ढुम्या मी तिथून उचलला होता. तो माणूस का पीत होता, त्याचं नाव काय होतं, त्याला नको म्हणता येत होतं का, यातलं काही मला तीस वर्षांत सुचलं नव्हतं. मला त्या दिवशी लाज वाटली, आणि अजून वाटते.

गेम बाहेर पडायला आठवडा उरला होता. गेम सोडण्यापूर्वी तपासनिसानं कागदावर सही करायची ही पद्धत काकांनीच आणलेली, कारखान्यातून. आता निखिल सरांना ती सही हवी होती आणि काकांनी त्यांच्यापुढं ती दोन पानं ठेवली.

निळा रकाना भरगच्च होता. हाताला गोड लागतो. स्वस्तातल्या स्वस्त फोनवर अडत नाही. दशरथचा हात असा की कान शहाणा होतो. बैल खरा दमतो. लाल रकान्यात पहिल्या काही ओळी साध्या होत्या: ज्यानं पहिला गेम खेळला नाही त्याला पाटील कोण आणि तो का खवळलाय ते कळत नाही, दुसऱ्याच्या लग्नात आल्यासारखं वाटतं. ज्यानं खेळलाय त्याला बैल हाकायला मिळत नाहीत म्हणून चुटपुट लागते. चाळीस पातळ्यांत रान एकच, नुसतं आभाळ बदललंय. त्याखाली तीन ओळी अधोरेखित. याला नाव द्या. याला पाडू नका. याला थांबता येऊ द्या.

निखिल सर वाईट माणूस नव्हते. पहिल्या दोन गोष्टी त्यांनी तासाभरात मान्य केल्या. पडणं काढू म्हणाले, चपला घालू म्हणाले. नावासाठी मी उत्साहानं म्हटलं की काकांच्या आज्याचंच देऊ या. काका माझ्याकडं वळले. "त्यांचं नका देऊ, वर्षाताई. त्यांनी सोडलं हुतं. तुम्ही परत वाजवाया लावताल." दशरथला फोन केला तर तो म्हणाला, माझं टाका, मला आवडंल, आणि ढुम्याचा दशरथ झाला. तिसरी गोष्ट मात्र सरांच्या पचनी पडेना. हा वाजवायचा गेम आहे, त्यात न वाजवणं कसं घालायचं. खेळणारा थांबेल कशाला. थांबला तर जिंकला म्हणायचं की हरला. आठवड्यात हे होणार कसं. सगळे प्रश्न रास्त होते. शेवटी ते कंटाळून म्हणाले, "काका, अहो, गेम आहे हा."

"व्हय, गेमच हाय," काका म्हणाले. "म्हणून तर सोपं हाय, सर. आमच्या आज्याला थांबाया गाव सोडावं लागलं. तुम्हाला एक बटन लागंल."

  तेव्हा मी बोलायला हवं होतं, पातळी माझी होती. मी फळ्यावरच्या, गेम सोडायच्या तारखेकडं बघत बसले.

सरांनी कागद पुढं सरकवला. काकांनी लाल पेन घेतलं, सहीच्या जागी 'नामंजूर' लिहिलं, आणि त्याखाली सही केली. मग डबा घेतला, प्रत्येकाला जय भीम केला आणि जिना उतरले. सर मागून म्हणाले की उद्या बोलू. उद्या ते आले नाहीत. सर दोनदा पडेगावला जाऊन आले. काकूंनी चहा दिला, काकांनी गप्पा मारल्या, आणि ती एक गोष्ट झाल्याशिवाय येणार नाही म्हणून सांगितलं.

'सुसाट ठेका' त्यांच्या सहीशिवाय बाहेर पडला. गेला बऱ्यापैकी. लोकांनी तेच लिहिलं जे त्या पानांवर आधीच होतं: हात छान, आवाज झकास, रान एकच, पहिला गेम जास्त मजेचा. दशरथ का पडत नाही म्हणून काहींनी तक्रार केली. त्यांना मी उत्तर दिलं नाही. थांबता येत नाही, असं कुणीच लिहिलं नाही. न मिळालेल्या गोष्टीची तक्रार करायला ती असते हे आधी ठाऊक असावं लागतं, आणि काका सोडून ते ठाऊक असणारा आमच्या ऑफिसात कुणी नव्हता.

पण आता मला ठाऊक होतं. नव्या पातळ्यांचं काम निघालं तेव्हा मी सरांना सांगितलं की आधी एकतिसावी दुरुस्त होईल, नाहीतर नव्या दुसऱ्या कुणाकडून रचून घ्या. त्यांनी मला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. मीही नव्हतं. आठ दिवस आमचं धड बोलणं नव्हतं. मग ते म्हणाले, ठीक आहे, पण चार मात्रा. चार मात्रा थांबू दे, त्याच्या पुढं चुकलंच. मला वाटलं, मिळवलं.

रविवारी सकाळी फोन घेऊन पडेगावला गेले. काका ओट्यावर पेपर वाचत होते, काकू मेथी निवडत होत्या. सात महिन्यांत केस जास्त पांढरे झाले होते, बाकी गृहस्थ तोच. मी आणलंय म्हटल्यावर काय ते त्यांनी विचारलं नाही. फोन शर्टाला पुसला, गुडघ्यावर ठेवला आणि एकतिसावी उघडली.

पाटील वळला. 'वाजव रे!' काका वाजवायला लागले. सात महिन्यांत हाताला काहीही झालेलं नव्हतं. अर्धं मिनिट त्यांनी असं वाजवलं की काकूंचे हात मेथीत थांबले. मग त्यांनी दोन्ही अंगठे उचलले.

पडद्यावर वरात उभी राहिली. बैल थबकले, घुंगरं थांबली, पाटील मागं वळून बघायला लागला. चपला घातलेल्या दशरथनं हात वर केले होते. मी ती शांतता तयार करायला तीन आठवडे घालवले होते, आणि काकांच्या चेहऱ्याकडं बघून वाटलं की ते फुकट गेले नाहीत. एक, दोन, तीन, चार. लाल अक्षरं आली, चुकलं.

"किती थांबतंय?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, चार मात्रा. सरांनी तेवढ्याच दिल्यात. त्यांनी अंगठे खाली आणले नाहीत. चुकलं, चुकलं. मला राहवेना, मी म्हटलं, "काका, वाजवा आता, नाहीतर हरू."

"हरू की," ते म्हणाले. "आज्याला कुठं कुणी चार मात्रा दिल्या हुत्या? त्यानं घेतल्या."

पातळी हरली आणि आपोआप पहिल्यापासून सुरू झाली. पाटील पुन्हा वळला, पुन्हा म्हणाला, वाजव रे. काकूंनी मेथीतून मान वर करून विचारलं, हात काहून वर धरलेत.  फोन गुडघ्यावर होता, लाल अक्षरं येत होती, आणि त्यांचे दोन्ही हात वरच होते.